लाखेची तबकडी आणि लखनौची मैफल

वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा अभ्यासक छापखान्याला विसरत नाही. हस्तलिखित पोथीच्या जागी छापील ग्रंथ आला तेव्हा केवळ प्रतींची संख्या वाढली असे नाही. वाचण्याची रीत बदलली, लेखकाचे वाचकाशी असलेले नाते बदलले, आणि निबंध, कादंबरी, नियतकालिकातील स्फुट यांसारखे प्रकार त्या यंत्राच्या आश्रयानेच वाढीला लागले, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. गायनाच्या इतिहासात मात्र यंत्राकडे अशा दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. गाणे आधी असते, तबकडी नंतर येते. गाणे जिवंत, तबकडी ही त्याची निव्वळ साठवण, असे गृहीत धरून बहुतेक विवेचन चालते. वस्तुतः तबकडीची लांबी, तिचे द्रव्य आणि तिच्या दोन बाजू यांनी गाण्याच्या आकारावर, तसेच गाण्यातून कानी पडणाऱ्या कवितेच्या आकारावरही, खोल ठसा उमटविला आहे.

हा ठसा स्पष्टपणे पाहावयाचा असेल तर लखनौसारखे दुसरे शहर नाही. ठुमरी आणि गझल हे शब्दावर जगणारे दोन प्रकार या शहरात लाडाकोडात वाढले. याच शहरात एका मराठी पंडिताच्या प्रेरणेने असे विद्यालय निघाले, की ज्याने गाणे कागदावर उतरविण्याचा ध्यास घेतला. आणि याच शहरातील एका गायिकेच्या आयुष्यात लाखेची तीन मिनिटांची तबकडी, नभोवाणी आणि दीर्घ ध्वनिमुद्रिका ही तिन्ही युगे एकापाठोपाठ एक येऊन गेली. बेगम अख्तर यांच्या ध्वनिमुद्रिकांचा विचार म्हणूनच केवळ संगीताच्या अभ्यासकाचा विषय राहत नाही. काव्याचा पाठ, त्याची निवड आणि त्याचे विवरण यांत ज्याला रस आहे अशा प्रत्येकाचा तो विषय आहे.

*

लखनौच्या मैफलीचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे तिला वेळेची ददात नव्हती. वाजिद अली शाहाची कारकीर्द १८४७ ते १८५६ अशी अवघी नऊ वर्षांची. फेब्रुवारी १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि हा राजा कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला जाऊन राहिला. 'अख्तर' हे त्याचे कविनाम. 'अख्तरपिया' या नावाने त्याच्या ठुमऱ्या प्रसिद्ध आहेत. त्याच्या काळात आणि त्यानंतर कथ्थकाच्या लखनौ घराण्यातील बिंदादीन महाराजांच्या हातून ठुमरीला जे रूप मिळाले त्यात शब्द थोडे आणि त्यांचा विस्तार मोठा होता. स्थायी आणि अंतरा मिळून चार ओळी. परंतु त्यांतील एकच शब्द घेऊन त्यातून आर्जव, रुसवा, उपहास, शरणागती असे एकामागून एक भाव काढून दाखवावयाचे, हे ठुमरीगायकाचे खरे काम. येथे पाठ लहान असतो आणि भाष्य विस्तृत असते. संस्कृतातील सूत्रग्रंथ आणि त्यांवरील भाष्ये यांचे जे नाते, जवळजवळ तेच ठुमरीच्या बोलांचे आणि बोल बनविण्याच्या क्रियेचे आहे.

गझलेचे गणित थोडे निराळे. गझलेतील प्रत्येक शेर हा स्वयंपूर्ण असतो. मतल्याने यमकाची आणि अंत्यपदाची प्रतिज्ञा करावयाची आणि पुढच्या प्रत्येक शेराने ती नव्या रीतीने पाळावयाची, एवढाच त्यांचा परस्परसंबंध. मैफलीत गायिका शेराची पहिली ओळ पुन्हापुन्हा घोळवते. श्रोता दुसऱ्या ओळीची वाट पाहतो, कित्येकदा काफिया मनाशी आधीच जुळवून ठेवतो, आणि ती ओळ आली की दाद उसळते. म्हणजे गझलेच्या गायनात विलंब हा अलंकार नसून अर्थाचाच एक भाग आहे. पहिली ओळ चार वेळा ऐकल्यावर येणारी दुसरी ओळ आणि तिच्या पाठोपाठ लगेच येणारी दुसरी ओळ, या अर्थाच्या दृष्टीनेही एक नव्हेत.

या संस्कृतीचे दोन मोठे साक्षीदार सर्वांना ठाऊक आहेत. अब्दुल हलीम शरर यांनी 'गुज़िश्ता लखनऊ' मध्ये त्या नगरीचे रीतिरिवाज नोंदवून ठेवले. मिर्झा रुस्वा यांनी १८९९ मध्ये 'उमराव जान अदा' ही कादंबरी लिहिली. उमराव ही गाणारी आहे, पण ती कवयित्रीही आहे, आणि कादंबरीचा आरंभच मुशायऱ्याने होतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लखनौच्या तवायफेच्या घरी गाणे आणि काव्य यांची फारकत झालेली नव्हती. कोणता शेर घ्यावा, कोणता गाळावा, कोणता राखून ठेवून अखेरीस सोडावा याचा विवेक तिला असावा लागे. ही कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर अवघ्या तीन वर्षांनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र कलकत्त्यात येऊन दाखल झाले.

*

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचा आवाज मुद्रित केला. त्या मूळ मुद्रणावरून तबकड्या तयार होत त्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे. कलकत्त्यात सियालदह भागात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. गाणे संपताच गौहर जान आपले नाव इंग्रजीत उच्चारीत असे. ही घोषणा पुढे तिची ओळखच होऊन बसली. परंतु तिच्या मुळाशी व्यवहार होता. परमुलखातील कारागिराला कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवावयाचे ते कळावे, एवढाच तिचा हेतू. मैफलीत जिचे नाव पुकारण्याची गरज कधी पडली नसती तिला यंत्रापुढे स्वतःचे नाव सांगावे लागले. कवी मक्त्यात आपले नाव गोवतो. येथे गायिकेने गाण्याला आपला मक्ता जोडला असे म्हणणे वावगे होणार नाही.

त्या तबकडीचे मुख्य द्रव्य होते लाख. पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांवर राहणाऱ्या कीटकांपासून मिळणारी ही लाख छोटा नागपूरच्या जंगलांतून येई आणि मिर्झापूर हे तिच्या व्यापाराचे एक मोठे ठिकाण होते. दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तिच्यापासून ठिसूळ, काळी तबकडी होई. पूरब अंगाची ठुमरी ज्या मुलखात वाढली, त्याच मुलखाच्या आसपासची लाख परदेशी जाऊन तबकडीच्या रूपाने त्या ठुमरीचा आवाज घेऊन परत येत होती.

दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे गाणे मावे. ज्या कलेत विलंब हाच अर्थ होता तिच्यावर या तीन मिनिटांचा परिणाम काय झाला असेल याची कल्पना करता येईल. आलाप आखडला, बोलांचा विस्तार एकदोन वळणांवर आला, गझलेतील सातआठ शेरांपैकी तीनचारच उरले. शिवाय आरंभीच्या काळात मायक्रोफोन नव्हता. गायिकेला भोंग्यासमोर उंच, खडा स्वर लावून गावे लागे. दबलेला निःश्वास किंवा हळूच सोडलेला स्वर त्या सुईला टिपता येत नसे. १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले तेव्हा ही अडचण दूर झाली. वेळेची मर्यादा मात्र तशीच राहिली.

तथापि ही केवळ हानीची कहाणी नव्हे. मर्यादेने संक्षेपाची कलाही शिकविली. तीन मिनिटांत रागाचे पूर्ण चित्र उभे करणाऱ्या अब्दुल करीम खाँ किंवा फैयाज खाँ यांच्या तबकड्या आजही ऐकल्या जातात त्या निव्वळ जुन्या म्हणून नव्हे. सुनीतकाराला चौदा ओळींची अट जशी उपकारक ठरते, तशीच काही कलावंतांना ही तीन मिनिटांची अट ठरली. पण सुनीताची अट कवी स्वखुशीने पत्करतो. तबकडीची अट कारखान्याने घातली होती, आणि ती एका प्रकाराला नव्हे तर सर्वच प्रकारांना सरसकट लागू होती. हा भेद विसरून चालणार नाही.

*

तबकडीने गाण्याचा आवाज राखला आणि त्याचा विस्तार गमावला. याच सुमारास गाणे राखण्याचा दुसरा एक मार्ग सिद्ध होत होता, आणि त्यात आवाज गमावून रचना राखली जात होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० मध्ये मुंबईला वाळकेश्वर येथे झाला. वकिली सोडून त्यांनी देशभर हिंडून चिजा जमविल्या आणि त्या स्वरलिपीत बांधून 'क्रमिक पुस्तक मालिका' या नावाने सहा भागांत प्रसिद्ध केल्या. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग आणि ही मालिका मुळात मराठीत आहेत, ही गोष्ट मराठी वाचकच पुष्कळदा विसरतात. विसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानी संगीताचे जे शास्त्र देशभर शिकविले गेले त्याचे आद्य ग्रंथ मराठी गद्यात लिहिलेले आहेत. मराठी गद्याच्या इतिहासात त्यांची नोंद व्हावी तशी झालेली नाही.

भातखंडे यांनी भरविलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदांपैकी चौथी आणि पाचवी लखनौला झाली. तेथील राय राजेश्वर बली आणि राय उमानाथ बली यांच्या साहाय्याने १९२६ मध्ये लखनौत संगीत विद्यालय सुरू झाले. प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून ते 'मॅरिस कॉलेज' म्हणून ओळखले जाई. पुढे भातखंडे यांचे नाव त्याला मिळाले. १९६६ मध्ये ते उत्तर प्रदेश शासनाकडे गेले, २००० मध्ये अभिमत विद्यापीठ झाले आणि आता ते राज्य विद्यापीठ आहे. कैसरबागेतील ज्या वास्तूत ते नांदत आले ती वाजिद अली शाहाच्या वेळचा 'परीखाना'. ज्या ठिकाणी राजाच्या 'परी' नृत्य-गायन शिकत, त्या ठिकाणी मुंबईच्या पंडिताच्या स्वरलिपीचे वर्ग भरू लागले. इतिहासात असे योग क्वचितच येतात.

१९२८ पासून १९५६ पर्यंत श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी या विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. त्यांच्या काळात दक्षिणेकडची मुले लखनौला येऊन राहिली. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलहून कृष्ण गुंडोपंत गिंडे १९३६ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी आले. चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी हेही त्याच परंपरेतील. विष्णु गोविंद जोग यांनी तेथे व्हायोलिन शिकविले आणि पुढे बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनाईबरोबरची त्यांची जुगलबंदी दीर्घ ध्वनिमुद्रिकेवरून देशभर पोचली. सुमती मुटाटकर यांचेही शिक्षण तेथलेच. मराठी, कोकणी आणि कानडी घरांतील या मंडळींनी अवधच्या राजधानीत ख्यालाची एक वसाहतच उभारली.

परंतु या विद्यालयाच्या विद्येला एक मर्यादा होती. ध्रुपद, ख्याल, तराणा, लक्षणगीत यांना तेथे जो मान मिळाला तो शहराच्या मूळच्या धनाला, म्हणजे ठुमरी आणि गझल यांना, मिळाला नाही. ठुमरी स्वरलिपीत मांडता येत नाही असे नाही; पण मांडल्यावर तिच्यातले जे उरते ते चार ओळींचे एक साधे पद. एकच शब्द सहा वेळा सहा अर्थांनी उच्चारणे हे कोणत्या चिन्हाने दाखविणार? शिवाय या गाण्याशी ज्या स्त्रियांचे नाव निगडित होते त्यांच्याविषयी सुशिक्षित समाजाच्या मनात अढी होती. स्वातंत्र्याच्या सुमारास नभोवाणीवरून अशा गायिकांना दूर ठेवण्याचे धोरण आले. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी शास्त्रीय संगीताला नभोवाणीवर मोठे स्थान दिले आणि त्याचबरोबर कलावंतांच्या परीक्षेची पद्धत कडक केली. त्या परीक्षामंडळाशी रातंजनकरांचे नाव जोडलेले आहे, आणि त्यावरून त्या वेळी मोठे वादळ उठले होते. या धोरणाने संगीताचे हित किती साधले याचा निवाडा एका वाक्यात करता येणार नाही. एवढे मात्र खरे, की भातखंडे-परंपरेने जे राखले त्याच्या बाहेर लखनौचे पुष्कळ गाणे राहिले. आणि जे बाहेर राहिले त्याला आश्रय मिळाला तो लाखेच्या तबकडीचाच.

*

अख्तरीबाईंचा जन्म ७ ऑक्टोबर १९१४ रोजी फैजाबादला झाला. पतियाळाचे अता मोहम्मद खाँ आणि किराण्याचे अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे त्यांना तालीम मिळाली. १९३४ मध्ये बिहारच्या भूकंपग्रस्तांच्या साहाय्यार्थ कलकत्त्यात झालेल्या जलशात त्या गायल्या आणि त्यांचे नाव झाले. कलकत्त्याच्या मेगाफोन कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. बेहजाद लखनवींची त्यांनी गायिलेली एक गझल घरोघर पोचली. १९४२ मध्ये मेहबूब खाँ यांच्या 'रोटी' या चित्रपटात त्यांनी काम केले. १९४५ मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी गाणे सोडले, आणि १९४९ मध्ये लखनौ नभोवाणी केंद्रावर त्या पुन्हा गाऊ लागल्या.

हे चरित्र परिचित आहे. त्याचा एक अपरिचित पुरावा म्हणजे तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेला कागदाचा तुकडा. विवाहापूर्वीच्या तबकड्यांवर 'अख्तरीबाई फैजाबादी' हे नाव आहे. नंतरच्यांवर 'बेगम अख्तर'. पहिल्या नावात व्यवसाय आणि गाव आहे, दुसऱ्यात घर आणि प्रतिष्ठा. आवाज तोच, परंतु ज्या समाजाने 'बाई'कडे पाठ फिरविली असती त्याने 'बेगम'ला सन्मानाने बसविले. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९७२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार या सन्मानाच्या खुणा होत. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून ग्रंथकाराचा काळ ओळखणारा अभ्यासक या दोन नावांकडे दुर्लक्ष करू शकणार नाही. एका स्त्रीचे नव्हे तर गाणाऱ्या स्त्रियांच्या एका पिढीचे स्थित्यंतर त्या दोन कागदांच्या मध्ये घडले आहे. आणि जिचे असे 'बेगम' होणे घडले नाही, अशा कितीतरी जणींचा आवाज आज जर कोठे असेल, तर तो जुन्या बाजारातील चरे पडलेल्या तबकड्यांतच आहे.

त्यांच्या आवाजाचा विशेष म्हणजे वरच्या सप्तकात जाताना तो क्षणभर चिरे. शास्त्राच्या दृष्टीने हा दोष. जाणकार त्याला 'पत्ती' म्हणत आणि तिच्यासाठी जीव टाकीत. भोंग्याच्या काळात ही चीर ऐकूच आली नसती. मायक्रोफोनने ती टिपली आणि दोषाचे लक्षणात रूपांतर झाले. शेराच्या दुसऱ्या ओळीतील मर्माचा शब्द नेमका त्या चिरेवर आणून ठेवण्याची त्यांची हातोटी हे गझलेचे भाष्यच होते.

*

२१ जून १९४८ रोजी अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घ ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. तिचे द्रव्य लाख नव्हे तर विनाइल. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेई. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे मावे. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांचे सरोदवादन अमेरिकेत अशा तबकडीवर निघाले. तिला यहुदी मेन्युहिन यांनी आपल्या आवाजात प्रस्तावना केली. पुढच्या वर्षी रविशंकर यांची तीन रागांची तबकडी आली. १९६० नंतर भारतातही या तबकड्या रुळल्या.

येथे पूर्व आणि पश्चिम यांच्या अनुभवांत एक लक्षणीय विरोध दिसतो. पाश्चात्त्य लोकप्रिय गीत हे मुळातच तीन मिनिटांचे होऊन बसले होते. दीर्घ तबकडीने त्याला लांब व्हावयाला शिकविले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात 'प्रोग्रेसिव्ह रॉक' या नावाने ओळखला जाणारा जो संप्रदाय निघाला त्याचा मूळ आधार ही वीस मिनिटांची बाजूच होय. किंग क्रिमसनची पहिली तबकडी १९६९ ची. १९७२ मध्ये येस या वादकसमूहाने तबकडीची एक संपूर्ण बाजू एकाच रचनेने भरली. त्याच वर्षी जेथ्रो टल यांनी दोन्ही बाजूंवर मिळून एकच गीत मांडले, आणि ते गीत तबकडी उलटण्यासाठी मध्येच तोडावे लागले. १९७३ मध्ये पिंक फ्लॉइड यांची जी तबकडी निघाली तिच्यात गीते अनेक असूनही ती एका सूत्रात ओवलेली होती. सुट्या गीतांचा संग्रह जाऊन तबकडी हाच एक ग्रंथ झाला.

हिंदुस्थानी संगीताला मात्र लांबी शिकावयाची नव्हती. ती परत मिळवावयाची होती. अर्धशतक तीन मिनिटांच्या कोठडीत काढलेल्या रागाला दीर्घ तबकडीने निदान अंगण दिले. आणि तबकडी हाच ग्रंथ ही कल्पना येथेही स्वतंत्रपणे सुचली होती. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस प्रहराप्रहरांच्या रागांतून सांगते. समयचक्राची जुनी कल्पना आणि तबकडीची नवी बाजू यांची तेथे गाठ पडली.

*

मग बेगम अख्तर यांच्या दीर्घ तबकड्यांनी काय केले? त्यांनी एका बाजूवर एकच गझल वीस मिनिटे गायिली नाही. त्यांच्या गझला तीन मिनिटांवरून पाचसात मिनिटांवर आल्या, एवढेच. कोणी म्हणेल की लाखेच्या तबकडीची सवय गळ्यात इतकी मुरली होती, की मोकळीक मिळाल्यावरही पावले जुन्याच अंतरावर पडली. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते पूर्ण सत्य नव्हे. पाचसात मिनिटे म्हणजे पहिली ओळ तीनदा घोळवून दुसरी ओळ राखून ठेवण्याइतका अवधी. गझलेला लागणारा विलंब नेमका एवढाच होता. ख्यालाला जेवढे अंगण लागते तेवढे गझलेला लागत नाही; तिला हवा असतो एक उंबरठा, जेथे श्रोता क्षणभर थांबेल. तो उंबरठा तिला दीर्घ तबकडीने परत दिला. शकील बदायुनींची जी गझल त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली तिच्या लहान आणि मोठ्या मुद्रणांची तुलना करून पाहिली तर अंतर मिनिटांचे नसून अर्थाचे आहे हे ध्यानात येते. लहान मुद्रणात ते गीत वाटते. मोठ्यात ते कोणाशी तरी केलेले बोलणे वाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एका तबकडीवर सहासात गझला आल्या म्हणजे तो काव्यसंग्रह होतो, आणि संग्रह म्हटला की संपादक आला. मीर आणि गालिब यांच्या शेजारी त्यांनी शकील, फैज आणि कैफी आझमी यांना बसविले. याच लखनौत एप्रिल १९३६ मध्ये प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखकांचे पहिले अधिवेशन भरले होते. जुन्या गझलेला सरंजामी म्हणून नाके मुरडणारेही त्या काळी होते. त्या वादाचे उत्तर कोणा समीक्षकाने निबंधात दिले नसेल इतक्या सहजपणे या गायिकेने दिले. तिच्या गळ्यात नव्या कवीची गझल जुनीइतकीच पक्व आणि जुनी नव्याइतकीच ताजी ठरली. गालिबच्या स्मृतिशताब्दीच्या सुमारास खय्याम यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली बेगम अख्तर आणि मोहम्मद रफी यांनी गायिलेल्या गालिबच्या गझलांची जी दीर्घ तबकडी निघाली तिच्यात तर एकाच कवीचे चित्र पुरे करण्याचा उद्देश स्पष्ट आहे. पुढे एकेका कवीवर तबकड्या काढण्याची जी प्रथा पडली तिची वाट अशा प्रयत्नांनी सोपी केली.

तथापि या लाभाला एक बाजू हानीचीही आहे. मुद्रणगृहात दाद नसते. मैफलीत कोणता शेर पुन्हा म्हणावयाचा हे श्रोते ठरवीत. तबकडीत ते आधीच ठरलेले असते आणि दर वेळी तेच राहते. मैफलीत गझलेचे शेर त्या दिवशीच्या श्रोत्यांप्रमाणे बदलत. तबकडीने त्यांपैकी एक निवड कायम केली. आज एखाद्या गझलेचे चारच शेर लोकांच्या तोंडी असतील आणि उरलेले दिवाणात पडून असतील, तर त्याचे कारण पुष्कळदा कवीत नसून तबकडीत आढळते. गाळलेल्या शेरांचा हा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

*

मराठीचा या सर्वांशी संबंध केवळ भातखंडे यांच्यापुरता नाही. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान' नाटकातील पदांना गोविंदराव टेंबे यांनी पूरबेकडच्या ठुमरी-दादऱ्यांच्या चाली दिल्या आणि मराठी श्रोत्यांच्या कानाला एक नवे वळण लागले. पण त्या व्यवहारात चाल आली आणि शब्द मागे राहिले. मूळ बोलांच्या जागी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे मराठी शब्द बसले. लखनौ मराठीत आले ते प्रथम स्वर म्हणून. माधव ज्यूलियन यांच्या १९३३ मधील 'गज्जलांजली'ने गझलेचे वृत्त मराठीत आणले ते मुख्यतः फार्सीच्या व्यासंगातून. ते ग्रंथातून आलेले होते, मैफलीतून नव्हे. चाल एका वाटेने आली, छंद दुसऱ्या वाटेने आला. शब्द, स्वर आणि विलंब हे तिन्ही एकत्र मराठी घरांत आले ते तबकडीवरून. सुरेश भट यांच्या पिढीच्या हाती मराठी गझल रुजली तेव्हा तिच्या श्रोत्याचा कान बऱ्याच अंशी तयार झालेला होता, आणि तो तयार करणाऱ्यांत उर्दूची लिपी न येणाऱ्या रसिकाला गझल ऐकविणाऱ्या त्या तबकड्यांचा वाटा मोठा आहे.

भाषांतराचा विचार करणाऱ्यालाही येथे शिकण्यासारखे आहे. उर्दू शेराचे मराठी भाषांतर करणारा छापील ओळीकडे पाहून अर्थ ठरवितो आणि एका शब्दाला एक प्रतिशब्द शोधतो. तबकडी ऐकणाऱ्याला तोच शब्द चार वेळा चार स्वरांवर ऐकू येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ किंचित सरकलेला असतो. या चार अर्थांपैकी भाषांतरात कोणता यावा? छापील पाठ या प्रश्नापर्यंत नेत नाही. गायिलेला पाठ नेतो. गाणाऱ्याने केलेले विवरण हाही काव्याच्या टीकेचाच एक प्रकार आहे, आणि तो लेखी टीकेपेक्षा जुना आहे.

बेगम अख्तर ३० ऑक्टोबर १९७४ रोजी अहमदाबादला निवर्तल्या. लखनौच्या ठाकुरगंजातील पसंदबागेत आईच्या शेजारी त्यांना पुरले. पुढच्या वर्षी त्यांना पद्मभूषण देण्यात आले. लाखेची तबकडी त्यांच्या हयातीतच मागे पडली होती. पुढे दीर्घ तबकडीही मागे पडली, आणि आता ती पुन्हा हौशी लोकांच्या घरी फिरू लागली आहे. मुंबईत १९९० मध्ये ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था निघाली आणि तिच्या सभासदांनी जुन्या तबकड्यांच्या याद्या, लेबले आणि क्रमांक नोंदण्याचे काम हाती घेतले. हे काम बहुतांशी हौसेवर चालले आहे. विद्यापीठांच्या वाङ्मयविभागांनी त्याकडे अजून आपले काम म्हणून पाहिलेले नाही.

एखाद्या कवीच्या दिवाणाची नवी आवृत्ती काढताना संपादक सर्व हस्तलिखिते पाहतो, पाठभेद नोंदवितो, कोणत्या प्रतीत कोणता शेर नाही हे तळटीपेत सांगतो. विसाव्या शतकातील उर्दू गझलेच्या पाठभेदांची नोंद जेव्हा होईल तेव्हा त्यात तबकड्यांचाही समावेश व्हावयास हवा. कारण त्या शतकात गझलेचे वाचक जितके होते त्याहून तिचे श्रोते कितीतरी अधिक होते. भातखंडे यांनी चिजा कागदावर उतरविल्या नसत्या तर त्या गेल्या असत्या, हे सर्वांना मान्य आहे. तबकडीवर जे उतरले ते मात्र आपोआपच राहील अशी समजूत आहे. लाख ठिसूळ असते. पडली की फुटते, आणि तिच्याबरोबर एका शेराचा एक अर्थही जातो.